पत्र्याच्या पोटाची गिटार

जुने धुळे,
६ ऑक्टोबर २०२४

नासीरभाऊंना भिकुबाईचा रामराम.

तुम्ही अजून आहात असं धरून लिहिते. नसाल तर तुमच्या सुनेनं, शहनाजनं पत्र परत पाठवावं, पाठकोरा कागद हिशेबाला होईल.

परवा फोन लावला होता. तुम्ही नुसतं 'कोण? कोण?' करत राहिलात. मी इतकी ओरडले की शेजारची उषा हातात काठी घेऊन धावत आली, तिला वाटलं घरात साप निघाला. म्हणून हे पत्र. हात माझ्या नातवाचा, बबलूचा. तोंड माझं. हातानं मधे आपलं काही घुसडलं तर कळवा, मी बघून घेईन.

काम असं. बबलूला तुमची ती पत्र्याच्या पोटाची गिटार विकत पाहिजे. विजेची, मांडीवर आडवी घेऊन लोखंडी कांडीनं घासता ती. आमचे हे वरातीपुढे क्लॅरिनेट फुंकत चालायचे आणि तुम्ही मागे बँडच्या गाडीवर बसून ती रडवायचा. नवरीच्या आईपेक्षा जास्त रडायची मेली. हे पोरगं उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावला येऊन तुमच्याकडे शिकत होतं, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, मेहरूणच्या तलावावर म्हशींसारखं डुंबतं.

आता सुरतच्या उधन्याहून कोणी झुलाल मास्तर आला होता, त्याची बँड पार्टी आहे. तो म्हणाला, स्वतःचं वाद्य आण, भडगावच्या लग्नात वाजवून दाखव, हात आवडला तर पार्टीत घेतो. म्हणजे सुरतला नेतो. बबलूनं मोटरसायकल विकायला काढली आहे. आमच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा तुटलाय, तो आणायला मात्र त्याला वेळ नाही.

द्यायची असेल तर द्या. नसेल तर तसं लिहा, मला वाईट वाटणार नाही. मुळीच वाटणार नाही.

तुमची भावजय,
भिकुबाई रुपचंद

(नासीरबाबा, शेवटचं वाक्य आजीनं दोनदा लिहायला लावलं. तुम्ही मनावर घेऊ नका. मला गिटार पाहिजेच. — बबलू)


मेहरूण, जळगाव,
१५ ऑक्टोबर २०२४

भाभींना नासीरचा सलाम.

आहे मी. कान तेवढे माझ्याआधी निघून गेले. जन्मभर ट्रम्पेटच्या तोंडापुढे बसलो, त्याचं हे बक्षीस. फोन कानाला लावला की आता नुसता गरम लागतो, बोलत काही नाही. पत्र बरं. पत्र ओरडत नाही. तुमचं मात्र ओरडतं.

गिटार बबलूलाच देणार. एक हॉटेलवाला मागे लागलाय, त्याला ती भिंतीवर टांगायची आहे. म्हटलं, आधी मला टांग. रुपचंद माझा दोस्त, त्याच्या घरात फुकटच द्यायला पाहिजे, पण फुकटची वस्तू पोरं जपत नाहीत. मोटरसायकलीचं जे येईल ते घेईन, भाव करणार नाही.

बबलू, तुला सांगतो. पुढची जाळी उघडून आत झाडून घे. इतक्या लग्नांच्या अक्षता आणि लाह्या भोकांतून आत पडल्यात की जोरात वाजवली तर खुळखुळते. हे काम मी करणार होतो, पण हात पुढे होत नाही. प्रत्येक दाणा कोणाच्या तरी लग्नातला.

भाभी, तुम्हाला वाटेल बहिरा माणूस गिटारीचं काय करत होता. मी ती दातांनी ऐकतो. कडेला दात टेकवले की सूर कवटीत चढतो. संध्याकाळी मोहल्ल्यातली पोरं शिकायला येतात. त्यांच्या वाद्यांना दात लावून मी सांगतो, इथे चुकलं. पोरं म्हणतात, नासीरबाबा चावून शिकवतात. तेवढी संध्याकाळ होते म्हणून सकाळी उठतो. त्यांच्यासाठी माझी जुनी लाकडी गिटार आहे, काळजी नको.

बबलूचा हात चांगला आहे. मी बहिरा व्हायच्या आधी ऐकलाय.

नासीर


जुने धुळे,
२२ ऑक्टोबर २०२४

नासीरभाऊ,

हे अक्षर गोल गोल दिसेल. हा हात उषाचा, शेजारच्या रिक्षावाल्याची पोरगी, नर्सिंग शिकते. बबलू चक्कीचा पट्टा आणायला गेलाय, एकदाचा. उत्तर द्याल ते उषाच्या पत्त्यावर द्या, मागे लिहिलाय. माझ्या पत्त्यावर आलं तर बबलू वाचील आणि मला वाचून दाखवील, आणि मग मला त्याचं तोंड बघावं लागेल.

तुम्हाला माझा अभिमन आठवतो ना? बबलूचा बाप. सुरतला सहा महिन्यांसाठी म्हणून गेला होता. बायको बबलूच्या बाळंतपणात गेली, पोर दुधावरचं माझ्या मांडीवर टाकलं आणि गेला. तिकडे त्याची दुसरी बायको शे, दुसरी पोरं शेत. सगळं बठ्ठं बरं शे. इकडची आठवण त्याला पितरांच्या अमावास्येलाही येत नाही. सुरतहून माणूस परत येतो असं तुम्ही कधी पाहिलंय? साड्या येतात. माणूस येत नाही.

आता हा. याला मी पीठ चारून वाढवला. माझ्या डोळ्यांत थेंब हा टाकतो, गोळी ही सकाळची ही रात्रीची हा सांगतो, टीव्हीवरची बाई मेली की नुसतीच बेशुद्ध पडली हेही हाच सांगतो. हा गेला की मी काय करू? उषाच्या लग्नाचं चाललंय, तीही जाईल. उषा म्हणते हे लिहू नको आजी. मी म्हटलं पेन तुझं, शाई तुझी, तू फक्त लिही.

तर काम असं. गिटार त्याला द्या. नाही दिली तर दुसरीकडून आणील. पण देण्याआधी तिच्यात काही तरी बिघाड करून द्या. असा, की दिसू नये. वाजावी, पण वाईट वाजावी. झुलाल मास्तरनं ऐकावी आणि म्हणावं, जा बेटा, दळण दळ. पोरगं आठ दिवस रडेल, मग पट्टा बसवील. रडणारं पोरगं मला सांभाळता येतं. गेलेलं सांभाळता येत नाही.

तुमच्या दोस्ताची शपथ घालत नाही. त्याच्या शपथांची किंमत तुम्हालाही ठाऊक आहे.

भिकुबाई


मेहरूण,
३० ऑक्टोबर २०२४

भाभी,

तुमचं पत्र वाचून इतका हसलो की शहनाज पाणी घेऊन आली. मस्करी पण किती बंदोबस्तात! वेगळा हात, वेगळा पत्ता! माझ्या निकाहात माझ्या शेरवानीच्या खिशात जिवंत बेडूक तुम्हीच ठेवला होता, तेव्हाही असाच बंदोबस्त होता. रुपचंद म्हणायचा, माझी बायको ज्याचा गळा धरते त्यानं समजावं, तिचा जीव आहे त्याच्यावर. भावजयीनं थट्टा केली नाही तर दिरानं समजावं आपण म्हातारे झालो. म्हणजे मी अजून झालो नाही.

मग ऐका, दीरही काही कमी नाही. बिघाड करायला माझी गरजच नाही. जाळीखाली एक वाटी असते, पालथी, ॲल्युमिनियमची, भातुकलीतल्या ताटलीहून पातळ. तारांचा सगळा भार घोडीवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, आणि घोडीचा त्या वाटीवर. आवाज सगळा तिचाच. तिच्यावर तुमचा अंगठा जरा दाबला, तुम्ही भाकरीला दाबता तसा, की संपली गिटार. वरून काही दिसायचं नाही. वाजेल तेव्हा डब्यात माशी अडकल्यासारखी वाजेल. आणि ऐकणारा म्हणेल, वाजवणाऱ्याचा हात कच्चा. झालं समाधान? आता दुसरी मस्करी शोधा.

पोराला दिवाळी झाली की पाठवून द्या. आणि त्याला जाऊ द्या भाभी. अभिमन वेगळा, हा वेगळा. हा सुरतला जाईल आणि दर लग्नसराईत गाडीवर बसून तुमच्या दारावरून वाजवत जाईल.

तुमचा बहिरा दीर,
नासीर


जुने धुळे,
१९ नोव्हेंबर २०२४

नासीरभाऊंना रामराम.

हात बबलूचा. गिटार पोचली. मोटरसायकल गेली, त्यामुळे आता नातू पायी चालतो, तब्येतीला बरं. पहिल्या दिवशी त्यानं ती पलंगावर झोपवली आणि स्वतः खाली झोपला. आमच्या घरात नव्या सुनेचीही एवढी बडदास्त झाली नव्हती, मला चांगलं आठवतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल त्यानं तारा सैल केल्या, घोडी उचलून ठेवली, जाळीचे स्क्रू काढले आणि आत झाडलं. ओंजळभर अक्षता निघाल्या, काही हळदीच्या, काही कुंकवाच्या. एक बांगडीचा तुकडा निघाला. तो कोणाचा ते तुम्ही सांगू नका, तुमची शहनाज पत्र वाचत असेल.

मधेच चक्कीवर गिऱ्हाईक आलं. बबलू म्हणाला, आजी, मांजर येईल, जरा लक्ष ठेव. मी ठेवलं. मी बसले राखण करत. मांजर आलं नाही.

मग त्यानं येऊन सगळं परत लावलं. आता रोज वाजवतो. मला सूर कळत नाही, मी अडाणी बाई. पण त्याला वाटतं, सैल केलेल्या तारा पुन्हा बसायला वेळ लागतो, म्हणून जरा कुरकुरते. मी म्हटलं असेल बाबा. येत्या आठवड्यात भडगावला लग्न आहे. तिथे झुलाल मास्तर ऐकणार आहे. तुमचा आशीर्वाद द्या. माझा मी दिलाय.

भिकुबाई

(बाबा, आवाज थोडा फाटतो. ॲम्प्लिफायरची वायर बदलून बघतो. भडगावहून आल्यावर तुमच्याकडे येईन. — बबलू)


मेहरूण,
९ डिसेंबर २०२४

भाभी,

बबलू भडगावहून सरळ इकडे आला होता. तुम्हाला त्यानं काय सांगितलं माहीत नाही. मला त्यानं पाटीवर लिहून सांगितलं, कारण ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

हळदीचा मांडव भरलेला होता. पहिलंच गाणं. मधल्या सुरावर गिटार फाटली. ढोलवाला ओरडला, अरे चाळणी वाजवतोय का रे? सगळा मांडव हसला. नवरी हसली, असं त्यानं लिहिलं आणि पुसून टाकलं. झुलालनं गाणं अर्ध्यात थांबवून बेंजोवाल्याला पुढे केलं. बबलूला म्हणाला, हात कापतो तुझा, घरी जा.

मी गिटार मांडीवर घेतली. कडेला दात लावले. थरथर नेहमीसारखी कवटीत आली. फाटणं वगैरे मला कुठे ऐकू येणार? मी मान हलवली आणि म्हणालो, गिटार बरोबर आहे, बेटा. हात कच्चा आहे. मेहनत कमी पडली.

हे बोलायला नको होतं का? पण उस्तादानं खोटं बोलू नये. त्यानं गिटार खोळीत घातली, पायाला हात लावला आणि गेला.

त्यानंतर मला झोप नाही. त्याचा हात असा नव्हता. मला वाटतं दोन महिने त्याला माझ्याकडे ठेवून घ्यावं. इथे राहील, खाईल, रोज माझ्यासमोर बसेल. शहनाज तयार आहे. झुलालची पार्टी लग्नसराईत पुन्हा खानदेशात येईल, तेव्हा पुन्हा ऐकवू. तुम्ही नाही म्हणू नका. रुपचंदचा नातू हसं होऊन घरी बसला तर मी वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू?

नासीर


जुने धुळे,
१६ डिसेंबर २०२४

नासीरभाऊ,

हात उषाचा. तिचं तोंड आज वाकडं आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

तुम्ही बबलूला हात कच्चा म्हणालात, फार चांगलं केलंत. माझ्यानं झालं नसतं. आजीचं कोण ऐकतं? उस्तादाचं ऐकलं. आल्यापासून गिटार पलंगाखाली आहे आणि तो वर. चक्की चालू झाली. सकाळी सातला उघडतो. गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण पीठ बोलून थोडंच बारीक होतं?

आता हे दोन महिने मेहरूणला ठेवण्याचं काढू नका. तुम्ही काय शिकवणार भाऊ? राग मानू नका, दिराला भावजयीनं नाही सांगायचं तर कोणी? तुमच्याकडे पोरं येतात ती शहनाजच्या हातच्या शेवया खायला. बबलूच सांगत होता, बसून बसून, हसून हसून. पोरं मुद्दाम बेसूर वाजवतात आणि तुम्ही दात लावून 'वाह' म्हणता. मग ती एकमेकांना चिमटे काढतात. अख्ख्या मेहरूणला ठाऊक शे, तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही. आंधळ्यानं रस्ता दाखवावा तसं हे. तुम्ही 'गिटार बरोबर आहे' म्हणालात, त्यालाही काय अर्थ? तुम्हाला पातेलं दिलं असतं तरी तुम्ही दात लावून तेच म्हणाला असता.

वय झालं की माणसानं जपमाळ घ्यावी. तुमच्यातही असतेच ना ती.

उषा म्हणते आजी हे पाठवू नको. मी म्हटलं, पाठव, आमचं असंच असतं. नासीरभाऊ हसतील.

भिकुबाई


मेहरूण,
४ जानेवारी २०२५

भिकुकाकूंना,

मी शहनाज लिहिते, नासीर यांची सून. तुमचं पत्र आलं ते अब्बांनी ओट्यावर बसून वाचलं. मी वाट बघत होते, ते आता हसतील आणि मला बोलावून वाचून दाखवतील. तुमचं पत्र आलं की तसंच होतं. ते हसले नाहीत.

संध्याकाळी पोरं आली. अब्बा दारातच उभे राहिले. प्रत्येकाला जवळ घेऊन तोंडाकडे नीट बघितलं, कोण हसतंय ते शोधल्यासारखं. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नका. पोरं रडायला लागली. उजैर नावाचा सगळ्यात लहान आहे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तर त्याला दार उघडलं नाही. अब्बांनी लाकडी गिटारीच्या तारा काढून मला दिल्या, कपडे वाळत घालायला.

काकू, मी त्या पोरांना रोज बघते. मागच्या खोलीतून सगळं ऐकू येतं मला. एकही पोरगं कधी मुद्दाम बेसूर वाजवत नव्हतं. चुकलं तर स्वतःच थांबायची, अब्बांना त्रास नको म्हणून. हे मी अब्बांना लिहून दाखवलं. त्यांना वाटतं मी त्यांचं मन राखते. तुमच्यावर मात्र त्यांचा विश्वास आहे. म्हणतात, भाभी थट्टेत कधी खोटं बोलत नाही.

आणखी एक. बबलू आज पहाटे आला होता. गिटार ओट्यावर ठेवली, मला म्हणाला, बाबांना उठवू नका, त्यांची वस्तू त्यांना. पैसेही मागितले नाहीत. मी विचारलं, धुळ्याला चाललास? म्हणाला, सुरत. तुम्हाला सांगू नको म्हणाला. मी सांगते, कारण तुम्ही आत्तापर्यंत शोधत असाल.

शहनाज


जुने धुळे,
१२ जानेवारी २०२५

नासीरभाऊ,

शहनाजचं पत्र उषानं वाचलं. शहनाजला सांगा, तिच्या हातात शेवयांबरोबर जीभही चांगली आहे.

बबलू गेला. गिटारीशिवाय गेला. सगळा घोळ गिटारीचा आणि तो गेला मोकळ्या हातानं! चक्कीत गहू तसाच ठेवून गेला, अर्धा दळलेला. उधन्याला साड्या घडी करायच्या कारखान्यात लागलाय, असं उषाच्या बापानं त्याच्या मित्राकडून काढलं. फोन करते तर उचलत नाही. उषाच्या फोनवरून केला, उचलला, माझा आवाज आला तसा ठेवला. एवढंच म्हणाला, "धुळ्यात तोंड दाखवायला जागा नाही ठेवली." कोणी, ते नाही म्हणाला.

भडगावला हसणाऱ्यांत धुळ्याचे लोक होते. चक्कीवर येऊन बायाबापड्या विचारायच्या, काय रे बबलू, चाळणी वाजवतो का? मला वाटलं हसण्यानं पोरगं घरात बसतं. हसण्यानं पोरगं घरातून जातं, हे मला कुठे ठाऊक? मी जन्मभर हसले आणि घरातच राहिले.

आता तुम्हीच काही केलं तर. तो माझं ऐकायचा नाही, तुमचं ऐकेल. त्याला पत्र लिहा. पत्ता उषानं खाली दिलाय. लिहा, की गिटार मीच खराब दिली. माझ्या बहिरेपणामुळे मला कळलं नाही. तुझ्या हातात काही दोष नव्हता, चूक माझी. माफ कर आणि आजीकडे परत जा. असं लिहा. तुम्हाला त्यात काय जातं? तुमची पोरं तर आता येतच नाहीत.

थेंब उषा टाकते. एक डोळ्यात, दोन गालावर.

तुमची भावजय,
भिकुबाई


मेहरूण,
२४ मार्च २०२५

भाभी,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी बबलूनं ठेवलेली गिटार उघडली. का उघडली? लिहा म्हणून तुम्ही सांगितलं होतं, आणि उस्तादानं खोटं लिहू नये. खराब होती म्हणून लिहायचं तर खराब आहे का ते बघायला पाहिजे. कानांनी नाही तर डोळ्यांनी.

वाटीला पोचा होता. मधोमध, वरून सरळ खाली. पडून असा पडत नाही. माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला, मावेना. शहनाजचा ठेवला, तोही मोठा. मग तुम्हाला पाठवलेली माझी चिठ्ठी आठवली, दिवाळीच्या आधीची, ज्यात मी हसून हसून सगळं सांगितलं होतं. भाभी, तुम्हाला लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही अंगठा दिलात. मी मात्र लिहिता येत असून वाचू शकलो नाही. रुपचंद सांगायचा ते अर्धंच खरं होतं. तुम्ही ज्याचा गळा धरता त्याच्यावर तुमचा जीव असतो हे ठीक, पण गळा खरंच धरता.

तुम्ही सांगितलं तसंच बबलूला लिहिलं. गिटारीत दोष होता, तुझ्या हातात नव्हता. मी तुझ्या हाताला नाव ठेवलं ते माझ्या बहिरेपणानं. माफ कर. आजीकडे परत जा, असंही लिहिलं, तुमच्याच शब्दांत. मग मुंबईहून नवी वाटी मागवली, बसवली. उजैरला बोलावून कानानं तपासून घेतली, आणि सैफ म्हणून आमच्या मोहल्ल्यातला ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती गिटार उधन्याला पाठवून दिली.

कोणी केलं ते मी लिहिलं नव्हतं. त्याचं उत्तर आलं. तो लिहितो, 'बाबा, अक्षता काढल्या त्या दिवशी राखण कोणी केली ते माझ्याच हातानं तुम्हाला लिहून पाठवलंय. मी परत जाणार नाही.'

झुलालनं त्याला पुन्हा ऐकलं. या वेळी मांडव हसला नाही. घेतलाय त्याला पार्टीत. तुम्ही मला ते पत्र लिहायला लावलं नसतं तर तो साड्या घडी करत बसला असता आणि थकून एक दिवस घरीही आला असता. दोष हातात नाही हे त्याला तुम्हीच कळवलंत, माझ्या सहीनं.

माझं म्हणाल, तर पोरं पुन्हा येतात. पण आता कोणी वाजवलं की मी त्याचं तोंड बघतो, हसतंय का ते. पूर्वी बघत नव्हतो. हे आता जाणार नाही.

आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या लग्नसराईत झुलालची पार्टी धुळ्यात आहे. दोन वराती, एक जुन्या धुळ्यातलीच. तारीख आणि गल्ली बबलूनं मला लिहिली, आणि खाली लिहिलं, आजीला कळवू नका. मी त्याला शब्द दिलाय.

हसावं असं या पत्रात काही नाही. उषाला सांगा, एकदाच वाचलं तरी चालेल.

नासीर


जुने धुळे,
२ एप्रिल २०२५

नासीरभाऊ,

एकदाच वाचलं. उषानं वाचलं, घडी केली आणि चहा न पिता घरी गेली. आज बोलावल्यावर आली. म्हणते हे शेवटचं लिहिते. तिचं लग्न जुळलं, नंदुरबारला. बरं झालं.

तारीख मी विचारत नाही. शब्द दिला असेल तर पाळा, तुमच्यात एवढंच शिल्लक आहे. तारखा काय, तुम्ही न सांगताही दात्यांचं पंचांग सांगतं. उषाकडून लग्नाच्या तिथी वाचून घेतल्या. जुन्या धुळ्यातली वरात म्हणजे एकतर खालच्या गल्लीनं मारुतीला जाते नाहीतर आमच्या ओट्यावरून. तेवढ्या दिवशी चक्की बंद ठेवीन आणि खुर्ची बाहेर टाकीन. बायका विचारतील तर सांगेन, वारा खाते.

त्याला हाक मारणार नाही. वाजवता वाजवता हाक मारली की हात चुकतो, आमचे हे नेहमी माझ्यावर ओरडायचे. गाडी थांबवणार नाही. पाणीसुद्धा पुढे करणार नाही. आला तर जाऊ देईन. तुम्हाला पटणार नाही, पण जाऊ देता येतं मला, आधी कोणी सांगून बघितलं नव्हतं एवढंच.

फक्त एक कळवा. हे तुमच्या शब्दात बसत असेल तर. ते बँडवाले एकाच मापाचे कोट घालतात आणि डोळ्यांपर्यंत टोप्या ओढतात, त्यात आपलं पोरगं कोणतं ते मला समजायचं नाही. झुलालच्या पार्टीचा कोट लाल असतो की निळा?

भिकुबाई